नवे घोडे आणले आणि जुना टिकू देईना: काय तपासायचं, कुठं थांबायचं

अकलूजचा घोडेबाजार झाला की आणि पुढं दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की आमच्याकडं एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. कोरेगाव, खटाव, माणपासून विटा, तासगाव, जतपर्यंत हौसेनं घोडा पाळणारी माणसं आहेत. कुणाचा वरातीचा, कुणाचा टांग्याच्या शर्यतीचा, कुणाला नुसती आवड. घरी एक जुना घोडा असतो, त्याच्या जोडीला एक-दोन नवे येतात आणि तिसऱ्या दिवशी मालक विचारतो, "दादा, आमचा कुमैत (तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा जुना घोडा) नव्यांना उभं राहू देईना. चावतोय, लाथा झाडतोय. काढून टाकू का त्याला?"

काढून टाकू नका. हे दुखणं मी पुन्हा पुन्हा निस्तरलेलं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते बिनपैशाच्या पहिल्या दोन-तीन गोष्टींतच सुटतं.

लक्षणं कोणती

दोन अनोळखी घोडे नाकाला नाक लावून हुंगतात, एकदम किंचाळतात, पुढचा पाय आपटतात, कान मागं पाडतात, पाच-दहा ढांगा पाठलाग करतात आणि मग बाजूला होऊन चरायला लागतात. हे चालायचंच, घोड्यांची ओळख अशीच होते. आयाळीचे चार केस गेले, पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या ढुंगणावर, वरवरचा ओरखडा उठला, तरी घाबरू नका.

हे दिसलं तर मात्र हात घालायची वेळ आली:

- समोर वैरण नाही, पाणी नाही, तरी जुना नव्याच्या मागं लागतो आणि नवा लांब गेला तरी सोडत नाही.
- नवा कोपऱ्यात तोंड खुपसून, पुठ्ठा बाहेर काढून उभा राहतो आणि तिथून हलत नाही.
- एरवी शांतता, पण चंदीची, म्हणजे हरभरा-कोंड्याच्या खुराकाची, बादली वाजली की लाथा सुरू.
- अंगावर दातांच्या खुणा रोज नव्या दिसतात, जुन्या भरायच्या आत.
- नवा पाण्यावर जायला घाबरतो. लीद कमी पडते, गोळे बारीक आणि सुके होतात.
- कुणीतरी एक रात्री आडवाच होत नाही. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी अंग टाकावं लागतं. दिवसेंदिवस भीतीनं उभाच राहिला तर तो डुलकीत पुढच्या पायांवर कोसळतो. गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला खरचटलेलं दिसलं तर हा संशय घ्या.
- दोन नवे एकदम आणले तर ते दोघं गट्टी करतात आणि घरचा जुनाच एकटा पडतो. तो खाणं कमी करतो, कुंपणाच्या कडेनं येरझाऱ्या घालतो. इथं मालकाचं सगळं लक्ष नव्यांकडं असतं, म्हणून हे उशिरा कळतं.

पहिली गोष्ट: बसून बघा

याला खर्च शून्य. एकदा चंदीच्या वेळी आणि एकदा दुपारी, पुढ्यात खायला काही नसताना, लांब बसून अर्धा-अर्धा तास बघा. मोबाइल खिशात ठेवा.

भांडण फक्त खाण्यावर होतंय की खाणं नसतानाही होतंय, हे यातून कळतं. फक्त खाण्यावर असेल तर वैरण टाकायची पद्धत बदलली की भागतं. खाणं नसतानाही होत असेल तर जागा, माज किंवा दुखणं शोधावं लागतं. हे न बघता लोक थेट जुन्या घोड्याला चाबकानं मारायला जातात. मग नवा दिसला की मार बसतो एवढंच त्याच्या डोक्यात बसतं आणि तो नव्यावर आणखी चिडतो. मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट: दावण

मी कुणाच्याही तबेल्यात गेलो की आधी दावण बघतो, कारण बहुतेक भांडणांचं मूळ तिथंच सापडतं.

आपल्याकडं गोठ्याची सवय घोड्यालाही लावली जाते. "म्हशी, बैल, सगळी एका गव्हाणीवर खातात, घोड्यालाच काय होतंय?" असं मला आटपाडीकडच्या एका आजोबांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण बैलाचं हत्यार पुढं असतं, शिंगात. घोड्याचं पुढंही आहे आणि मागंही. तो चावतो, पुढच्या पायानं मारतो आणि दुगाण्या झाडल्या तर दोन मीटरवरच्याला लागतात. बैलांसाठी बांधलेल्या दावणीत दोन खुंट्यांमधलं अंतर एवढं नसतंच.

खरी गोष्ट त्याहून खोल आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. कळपात एकानं कान पाडले की दुसरा चार पावलं मागं सरतो, म्हणजे "तू मोठा" असं कबूल करतो, आणि विषय तिथंच संपतो. लाथ मारायची वेळच येत नाही. बांधाच्या भांडणात मोजणी होऊन खुणा रोवल्या की आवाज बसतो, तसं हे आहे. पण नव्याला तुम्ही अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून, जुन्याच्या शेजारी उभं केलं तर तो मागं सरणार कुठं? त्यानं माघार घेतली हे जुन्याला कळायचं कसं? जुना आणखी जोरात सांगतो. बांधलेला शेवटी जिवावर येऊन लाथ घालतो. मग आपण म्हणतो, नवा तापट निघाला.

तेव्हा आजच्या आज एवढं करा. (नवा बाजारातून येऊन तीन आठवडे झाले नसतील तर आधी पाचवी गोष्ट वाचा.) दोघांना शेजारी बांधू नका. बांधायचंच असेल तर मध्ये तीन-चार मीटर मोकळी जागा ठेवा, किंवा एकाला दुसऱ्या शेडमध्ये न्या, पण एकमेकांना दिसतील असं. पिछाडी शक्यतो सोडा. रोज काही तास दोघांना वेगवेगळ्या आवारात मोकळं ठेवा. पुष्कळ घरी एवढ्यानंच आठवड्यात फरक पडलेला मी बघितला आहे.

तिसरी गोष्ट: वैरण, चंदी, पाणी

वैरणीचा एकच ढीग टाकला की एकच घोडा मालक होतो. जेवढे घोडे त्याहून एक ढीग जास्त टाका: दोन घोड्यांना तीन, तीन घोड्यांना चार. ढिगांमध्ये आठ-दहा मीटर अंतर ठेवा. जुना एका ढिगावरून हाकलतो, नवा दुसऱ्यावर जातो. जुना तिथं आला की नवा तिसऱ्यावर. थोड्या वेळानं जुन्यालाच कंटाळा येतो, कारण हाकलण्यात त्याचं खाणं बुडतं. जास्तीच्या ढिगाचं काम एवढंच.

पोट भरलेलं असलं की भांडण निम्मं होतं. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो, आणि तीही दिवसभरात विभागून. सकाळ-संध्याकाळ दोन पेंढ्या कडबा आणि मधले दहा तास रिकामं तोंड, असं असेल तर कुठलाही घोडा चिडका होणारच. बुरशी आलेला, भिजून काळा पडलेला कडबा मात्र भूक भागवायला म्हणूनही टाकू नका, पोटशूळ होतो.

चंदी कधीच मोकळ्या आवारात एकत्र देऊ नका. हरभरा आणि कोंडा ही घोड्याला जिवापाड आवडणारी गोष्ट आहे. प्रत्येकाला वेगळं नेऊन तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला अडकवायच्या पिशवीत, द्या, सगळ्यांचं खाऊन झालं की मगच सोडा. नव्याची चंदी लगेच बदलू नका. विकणाऱ्याकडं काय खात होता ते विचारा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या चंदीवर आणा.

पाणी दोन ठिकाणी ठेवा. घोड्याला रोज पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, माण-जतच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. एकच हौद असेल आणि तोही कोपऱ्यात, तर जुना हौदावर उभा राहतो आणि नवा तहानेला राहतो. प्लास्टिकचं एक टिपाड कापून दुसरीकडं ठेवलं तरी काम होतं.

चौथी गोष्ट: जागा आणि पाय

इथं थोडा खर्च आहे.

पहिल्यांदा मोकळं सोडायचं ते जुन्याच्या रोजच्या आवारात नको. ते त्याचं घर आहे, तो राखणारच. शेजाऱ्याचं शाळू काढलेलं रान, पडीक तुकडा, जिथं दोघंही नवखे आहेत, असं बघा. दोन घोड्यांना पहिल्या भेटीला निदान दहा गुंठे तरी हवेत, असं माझं मत आहे. पायाखाली मुरमाड, कोरडी जमीन चांगली. वाई-पाचगणीच्या पट्ट्यात पावसाळ्यात जांभा निसरडा होतो, कृष्णाकाठच्या काळ्या रानात चिखलात पाय रुततो. अशा दिवसांत ही भेट पुढं ढकला.

काटेरी तार असलेल्या रानात घोडे एकत्र सोडू नका. पळणाऱ्या घोड्याला बारीक तार दिसत नाही आणि छातीला, पायाला बसलेला तारेचा काप महिनोन्महिने भरत नाही. रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात तशा तारेवर बांधून ती दिसती करता येते, पण तिचे काटे तसेच राहतात. बांबूचं कुंपण किंवा झटका मशीनला (कुंपणात विजेचा हलका झटका सोडणाऱ्या यंत्राला) जोडलेली रुंद पांढरी पट्टी बरी. झटक्याची पट्टी आधी एकेका घोड्याला एकट्यानं ओळखू द्या.

आत कोपरा अरुंद असेल तर बांबू आडवे बांधून तो गोलाकार करून टाका. घोड्याला कोंडीत सापडल्यासारखं वाटता कामा नये.

नालबंदाला बोलावून मागच्या पायांचे नाल काही आठवड्यांसाठी काढून घ्या. नाल असलेली लाथ आणि बिननालाची लाथ यात हाड मोडणं आणि सूज येणं एवढा फरक पडू शकतो. त्याला नाल काढायचं आणि खूर घासून गोल करायचं सांगा. नायलॉनची म्होरकी (तोंडावरचा दोराचा साज) काढा, कारण मागचा पाय अंग खाजवताना त्यात अडकतो. धरायला अवघड जनावर असेल तर जोर बसला की तुटेल अशी सुती म्होरकी ठेवा.

पाचवी गोष्ट: भेट फार लवकर झाली का

बाजारातून आणलेला घोडा पहिले तीन आठवडे जुन्याच्या जवळ न्यायचा नाही. आधीच नेला असेल तर आज वेगळा करा. तुमच्या रानाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी बादली, अंग घासायचा वेगळा खरारा, वेगळा तोबरा. आधी जुन्याचं सगळं करा, मग नव्याकडं जा आणि हात साबणानं धुवा.

बाजारात शेकडो घोडी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावतात, एका हौदावर पाणी पितात. त्यातून रात्रभर ट्रकमध्ये उभं राहून आलं की अंगातली ताकद कमी झालेली असते. स्ट्रँगल्स नावाचा रोग संसर्गानंतर साधारण तीन ते चौदा दिवसांत दिसतो: ताप, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली गाठ, मग ती फुटून पू. घोड्यांचा इन्फ्लुएन्झा त्याहून झटपट पसरतो. गोमाश्या चावून पसरणारा सर्रा रक्त तपासल्याशिवाय नक्की कळत नाही. ग्लँडर्स सगळ्यांत वाईट. तो माणसालाही होतो, २००६ साली महाराष्ट्रात त्याची साथ येऊन गेली आहे आणि २००९ च्या प्राणीरोग कायद्याप्रमाणे त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला द्यावीच लागते. म्हणून घोडा घेतानाच ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागा. नसेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासायला पाठवा.

औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्याला दोरा बांधा, तेल लावा आणि सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप बघून वहीत लिहा. निरोगी मोठ्या घोड्याचा ताप ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतो. दोन वेळा १०१.५ च्या वर गेला की डॉक्टरांना फोन. खोकला सुरू व्हायच्या आधी ताप चढतो, त्यामुळे ही वही तुम्हाला एक-दोन दिवस आधी सावध करते.

तीन आठवडे नीट गेले की मग चढत्या पायरीनं जा. चार-पाच दिवस लांबून एकमेकांना बघू द्या. मग आठवडाभर मध्ये मजबूत कुंपण ठेवून शेजारच्या आवारात. कुंपणाशी उभे राहून दोघं निवांत चरायला लागले की पुढचं पाऊल. दोन जाणत्या माणसांनी दोघांना म्होरकीनं धरून रस्त्यानं फिरवायचं, आधी एकामागं एक आणि लांब, मग बाजूबाजूनं. चालताना घोड्यांचं लक्ष पुढं असतं आणि एकत्र चालणं हेच कळपाचं काम आहे. माझा या पायरीवर फार भरवसा आहे, पण लोक नेमकी हीच गाळतात.

मग सकाळच्या वेळी, दोघांची पोटं भरलेली असताना, मोकळ्या रानात सोडा. पहिले दिवस तास-दोन तास, रात्री वेगळे. आठवडाभर नवी जखम नाही, दोघं पाण्यावर जातायत, कुणीतरी एकमेकांदेखत आडवं झालंय, एवढं दिसलं की रात्रीही एकत्र ठेवायला हरकत नाही. सोडताना मुलांना आत येऊ देऊ नका. भांडणाच्या मध्ये कुणीही शिरू नका. बाहेरून बादली वाजवा, पोतं हलवा.

नवे दोन असतील तर दोघांना एकदम सोडू नका. दोघांपैकी जो शांत आहे त्याची जुन्याशी आधी जोडी जमवा. ती बसली की तिसरा आणा. उलट केलं तर दोन नव्यांची फळी तयार होते आणि जुन्याला आपल्याच घरात जागा राहत नाही.

सहावी गोष्ट: घोडी, नर, खच्ची

वळू घोडा आणि घोडी असा जोड असेल तर वरचं काहीच लागू नाही, ते वेगळेच ठेवा. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस माज राहतो. त्या दिवसांत खच्ची घोडासुद्धा घोडी राखायला लागतो. आठवडाभर चांगले राहिलेले दोन नर अचानक भांडायला लागले तर आजूबाजूला माजावरची घोडी आहे का बघा. ती शेजारच्या वस्तीवरची असली तरी पुरते.

नुकत्याच खच्ची केलेल्या घोड्याला निदान सहा आठवडे घोडीजवळ नेऊ नका. तोवर गाभ राहू शकतो. नराची सवय जायला काही महिने लागतात, काहींची कायम राहते. दिवस भरत आलेली गाभण घोडी आणि अंगावर शिंगरू असलेली घोडी यांची नव्याशी ओळख आत्ता करूच नका. बाहेरून आलेल्या घोड्यामुळं गाभ टाकण्याचाही धोका असतो.

सातवी गोष्ट: कुठं दुखतंय का

एरवी गरीब असलेला जुना घोडा आताच का चावतोय? दाढांना धारदार कडा आल्या असतील, खूर दुखत असेल, पाठीला खोगीर लागलं असेल, पोटात जळजळ असेल. दुखणाऱ्या घोड्याला कुणी जवळ आलेलं नको असतं. खाताना तोंडातून घास गळतोय का, पाठीवर हात दाबला की खाली वाकतो का, एक पाय सारखा सैल टेकतो का, एवढं तुम्ही बघा. पुढचं डॉक्टरांचं काम. दाढा घासणं घरी करू नका.

इथं थांबा, डॉक्टरांना बोलवा

लाथ लागून घोडा पाय टेकत नसेल तर लगेच. लाथ पायाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वर लागली असेल आणि घोडा चालत असेल, तरीही बोलवा. तिथं हाडावर मांस नसतं, बारीक चीर जाते आणि घोडा बसून उठताना तिचा पूर्ण मोड होतो. डॉक्टर येईपर्यंत त्याला बसू देऊ नका, जवळ माणूस ठेवा, तो कितीही बरा वाटला तरी गाडीत चढवू नका.

सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी तिच्यातून चिकट पिवळसर पाणी येत असेल, डोळा सुजला असेल, छातीत खोल भोक पडलं असेल, तर घरगुती हळद-तेल बाजूला ठेवा. कुठल्याही जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. लीद बंद, पोटाकडं वळून बघणं, लोळणं, घाम ही पोटशूळाची खूण आहे. तिथं तासाभराचाही उशीर नको.

ताप आणि नाकातून घट्ट स्राव एकत्र दिसले तर त्या आवारात येणं-जाणं बंद करा आणि सरकारी दवाखान्याला कळवा. जुना घोडा माणसावर धावून यायला लागला, तर आपला प्रयोग बंद करा आणि घोडे हाताळण्यात मुरलेल्या माणसाला बोलवा. सगळ्या पायऱ्या धीरानं करून दोन महिने झाले आणि अजून रोज रक्त निघतंय, तर ती जोडी एकत्र ठेवू नका. दिसतील एवढ्या अंतरावर, मध्ये भक्कम कुंपण घालून दोघंही सुखानं राहतात.

सातारा-खंडाळ्याकडच्यांना शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर लावा. फोन करताना चार गोष्टी हातात ठेवा: आत्ताचा ताप किती, शेवटची लीद कधी टाकली, पाणी कधी प्यायला, आणि लाथ नेमकी कुठं आणि किती वाजता लागली.